कॉलेज फुटबॉलच्या कॉन्फरन्स : त्या वाढतात का, गट कसे पाडतात आणि आता का मोडतात? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ऑगस्ट उजाडला की प्रश्न यायला लागतात. कुणाची मुलगी पर्ड्यूला गेलेली असते. कुणी नुकतंच न्यू जर्सीत बिऱ्हाड थाटलेलं असतं आणि शेजाऱ्याने रटगर्सच्या सामन्याचं तिकीट हातात ठेवलेलं असतं. पुण्याचे एक काका शनिवारी रात्री साडेनऊला पहिला सामना लावून बसतात आणि मध्यंतरात मेसेज टाकतात, "अरे, हे कॅलिफोर्नियावाले इकडे कसे?" पुन्हा पुन्हा येणारे असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल. माहिती २०२५चा हंगाम संपेपर्यंतची आहे.

१. कॉन्फरन्स म्हणजे नक्की काय? सरळ लीग का म्हणत नाहीत?

काही विद्यापीठांनी एकत्र येऊन केलेलं मंडळ म्हणजे कॉन्फरन्स. आपापसात सामने खेळायचे, नियम ठरवायचे, टीव्हीचे हक्क एकत्र विकायचे आणि पैसे वाटून घ्यायचे. नावाचं मूळ शब्दशः बैठकीत आहे. १८९६ साली शिकागोत प्राध्यापकांचे प्रतिनिधी बसले आणि कॉलेजच्या खेळांना शिस्त लावायची असं ठरलं. त्या बैठकीतून पुढे बिग टेन झाली. सगळ्यांवर देखरेख करणारी संस्था एनसीएए १९०६ची, म्हणजे बिग टेन तिच्याहून दहा वर्षांनी थोरली. हे लक्षात ठेवलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात : कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही, हे एनसीएए ठरवत नाही. ते कॉन्फरन्सचे सभासदच मतदानाने ठरवतात, आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीसारखं.

२. 'डिव्हिजन वन' आणि 'ईस्ट डिव्हिजन' ही एकच भानगड आहे का?

नाही, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. डिव्हिजन वन, टू, थ्री हे एनसीएएने १९७३ साली पाडलेले स्तर आहेत. शिष्यवृत्त्या किती द्यायच्या, खेळांवर खर्च किती, यावरून विद्यापीठ कोणत्या स्तरात बसतं ते ठरतं. फुटबॉलपुरते डिव्हिजन वनचेही १९७८पासून दोन भाग आहेत. वरच्याला एफबीएस म्हणतात, खालच्याला एफसीएस.

ईस्ट, वेस्ट, नॉर्थ, साउथ या एकाच कॉन्फरन्सच्या पोटातल्या वाटण्या. गोंधळ नको म्हणून या पानावर स्तराला 'डिव्हिजन' आणि पोटातल्या वाटणीला 'गट' म्हटलं आहे.

३. आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या झोनसारखंच आहे ना हे?

दिसायला तसं, पण वृत्तीने उलट. भारतीय विद्यापीठ संघाच्या स्पर्धांत पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण असे झोन असतात. पुणे किंवा मुंबई विद्यापीठ पश्चिम विभागात खेळतं ते नकाशावर ते तिथे आहे म्हणून. जास्त पैसे मिळतात म्हणून मुंबई विद्यापीठ उद्या उत्तर विभागात गेलं, असं होणार नाही. अमेरिकेत नेमकं तेच होतं. झोन कुणाचा खासगी नसतो, कॉन्फरन्स तिच्या सभासदांची मालमत्ता असते.

४. बिग टेनमध्ये अठरा आणि बिग ट्वेल्व्हमध्ये सोळा? मोजता येत नाही का यांना?

येतं, पण नाव हा ट्रेडमार्क झाला. पेन स्टेट १९९०मध्ये आली तेव्हा बिग टेनमध्ये अकरा झाले. नाव बदलायला कुणी तयार नव्हतं, म्हणून बोधचिन्हातल्या अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत ११ हा आकडा लपवला. मग २०११ला नेब्रास्का, २०१४ला मेरीलँड आणि रटगर्स, २०२४ला यूएससी, यूसीएलए, ऑरेगन आणि वॉशिंग्टन. एकूण अठरा. आकडा लपवण्याचा नाद त्यांनी केव्हाच सोडला.

बिग ट्वेल्व्हची गंमत वेगळी. २०११पासून बरीच वर्षं तिच्यात दहाच संघ होते, आणि त्याच काळात बिग टेनमध्ये बारा, पुढे चौदा. एसीसी, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, हिच्या नावात अटलांटिक किनारा आहे आणि २०२४पासून तिच्यात स्टॅनफर्ड आणि कॅल आहेत, म्हणजे पॅसिफिक किनाऱ्याच्या हाकेवरचे दोन.

५. पण वाढतात कशासाठी? आहे त्यात काय वाईट चाललं होतं?

एका वाक्यात उत्तर हवं असेल तर टीव्ही. थोडं मागे जाऊन पाहू.

१९८४पर्यंत कॉलेज फुटबॉलचं प्रक्षेपण एनसीएएच्या मुठीत होतं. कोणता सामना दाखवायचा, कोणता संघ किती वेळा दिसणार, सगळं तीच ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ही विद्यापीठं कोर्टात गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी एनसीएएची मक्तेदारी मोडली. विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी एक होते न्यायमूर्ती बायरन व्हाइट, जे स्वतः कोलोरॅडोचे गाजलेले फुटबॉलपटू होते. खेळाचं काय होणार, हे बाकीच्यांपेक्षा त्यांना जास्त कळलं असावं, असं मला नेहमी वाटतं.

त्यानंतर हक्क विकायला कॉन्फरन्स मोकळ्या झाल्या. आणि विकायचंच, तर दुकानात माल जास्त हवा, नवीन गिऱ्हाईक हवं. रटगर्सचं उदाहरण घ्या. २०१४ साली बिग टेनने रटगर्स घेतली ती काही मैदानावरच्या पराक्रमासाठी नव्हे. बिग टेनचं स्वतःचं केबल चॅनेल होतं. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या घराघरातल्या केबल बिलात त्या चॅनेलचे पैसे लागू लागले की काम झालं. सामना बघा न बघा, बिल सगळ्यांना सारखं.

पुढे केबल तोडणारे वाढले आणि गणित बदललं. आता घरं मोजत नाहीत, डोळे मोजतात : शनिवारी संध्याकाळी किती लोक हा सामना लावतील? म्हणून २०२४च्या फेरीत मोठ्या नावांवर उड्या पडल्या, टेक्सस, ओक्लाहोमा, यूएससी. बिग टेनने २०२२मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी केलेला सात वर्षांचा करार सात अब्ज डॉलरच्या वरचा आहे. त्यात २०२५-२६पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली, पहिल्या वर्षी प्रत्येकी सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत. खर्चाचा हा नवा रकाना उघडल्यावर भूक कमी होईल, असं समजू नका.

६. ही वाढ आजकालचीच ना? पूर्वी सगळं गुण्यागोविंदाने चालायचं म्हणतात.

म्हणतात खरं. १९३२ साली सदर्न कॉन्फरन्समध्ये तेवीस संघ झाले होते. एवढ्यांचा मेळ बसेना, म्हणून तेरा जण बाहेर पडले आणि त्यांनी एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) काढली. १९५३ला त्याच सदर्नमधून आणखी सात जण फुटले, ती एसीसी. फुगायचं आणि फुटायचं ही जुनीच रीत आहे. फरक एवढाच की तेव्हा फुटलेले तुकडे शेजारशेजारचे असायचे.

७. गट पाडायची पद्धत आली कुठून? आणि सगळीकडे बाराचाच आकडा का होता?

या पानावरचा माझा सगळ्यात लाडका प्रश्न, कारण याचं उत्तर ऐकून बहुतेकांची समजूत बदलते. गट प्रवास वाचावा म्हणून आले, असं सगळ्यांना वाटतं. नाही. ते एका जादा सामन्यासाठी आले.

एका संघाने हंगामात किती सामने खेळायचे, याला एनसीएएची मर्यादा असते. १९८७च्या एका नियमाने त्यात फट ठेवली : कॉन्फरन्समध्ये किमान बारा संघ असतील, त्यांचे दोन गट असतील आणि गटातले सगळे एकमेकांशी खेळत असतील, तर दोन गटविजेत्यांची अंतिम लढत मर्यादेबाहेर धरली जाईल. मोठ्या फुटबॉलमध्ये या फटीकडे आधी कुणी फारसं पाहिलं नाही. एसईसीचे आयुक्त रॉय क्रेमर यांनी पाहिलं. दहा संघ होते, आर्कन्सॉ आणि साउथ कॅरोलायना घेऊन बारा केले, ईस्ट-वेस्ट गट पाडले आणि ५ डिसेंबर १९९२ला बर्मिंगहॅममध्ये पहिली अंतिम लढत भरवली. अलाबामाने फ्लॉरिडाला २८-२१ हरवलं. सामना चुरशीचा होता, अलाबामा अपराजित होती, आणि हरली असती तर राष्ट्रीय विजेतेपदावर पाणी सोडावं लागलं असतं. काही प्रशिक्षकांना हा आगाऊपणा वाटला होता. पण तिकिटं आणि टीव्हीचे पैसे पाहून बाकीच्या कॉन्फरन्सही बाराची जमवाजमव करू लागल्या. १९९६ला बिग ट्वेल्व्ह, २००५ला एसीसी, २०११ला बिग टेन आणि पश्चिम किनाऱ्याकडची पॅक-१२.

म्हणजे आधी सामना, मग बारा, मग गट.

८. कोण कोणत्या गटात, हे कसं ठरवायचे?

तीन गोष्टींची ओढाताण असायची : नकाशा, ताकद आणि जुनी वैरं. तिन्ही एकदम कधीच जमत नाहीत.

नकाशा धरायचा म्हटलं तर मिझुरी पाहा. २०१२ला एसईसीत आली आणि ईस्टमध्ये गेली. वेस्ट गटात सात संघ होते, त्यांतले पाच मिझुरीच्या पूर्वेला! अलाबामा किंवा ऑबर्नला उचलून ईस्टमध्ये टाकलं असतं तर नकाशा सुधारला असता, पण वर्षानुवर्षं जमवलेल्या लढती विसकटल्या असत्या. मिझुरीने काही मनावर घेतलं नाही. २०१३ आणि २०१४, दोन्ही वर्षी ईस्ट गट जिंकला.

ताकद धरायची म्हटलं तर बिग टेनचं २०११. बलाढ्य संघ दोन्हीकडे सारखे वाटले आणि गटांना नावं दिली 'लेजंड्स' आणि 'लीडर्स'. कोण कुठे, हे चाहत्यांनाही शेवटपर्यंत पाठ झालं नाही. मिशिगन एका गटात, ओहायो स्टेट दुसऱ्या. त्यांची दरवर्षीची लढत राखून ठेवली, पण विस्कॉन्सिन आणि आयोवा हे शेजारी दोन हंगाम एकमेकांशी खेळलेच नाहीत. तीन वर्षांत ती नावं मोडीत निघाली.

आणि गणित मांडून आखलेल्या बेताचं काय होतं, ते एसीसीत दिसलं. फ्लॉरिडा स्टेट आणि मायामी यांना मुद्दाम वेगवेगळ्या गटांत ठेवलं, म्हणजे डिसेंबरात दोघांची अंतिम लढत होईल आणि सगळा देश टीव्हीपुढे बसेल. अटलांटिक आणि कोस्टल हे गट २००५ ते २०२२ चालले. त्या अठरा वर्षांत ही अंतिम लढत एकदाही झाली नाही.

९. मग गट मोडले का? चांगलं चाललं होतं की.

चाललं नव्हतं. पहिली अडचण असमतोलाची. बिग टेनने २०१४ला सरळ नकाशावरून ईस्ट-वेस्ट केले. २०१४ ते २०२३ अशा दहा अंतिम लढती झाल्या आणि दहाही ईस्टवाल्यांनी जिंकल्या. २०२३मध्ये मिशिगन आणि ओहायो स्टेट दोघेही अपराजित राहून नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी भिडले. खरा अंतिम सामना तोच होता. पुढच्या आठवड्यात मिशिगनने आयोवाला २६-० हरवलं, तो उपचार.

दुसरी अडचण त्याहून मोठी, पण ती गुणतक्त्यात दिसत नाही. चौदा संघांच्या एसईसीत प्रत्येकाला आठ सामने. गटातल्या सहांशी सहा, पलीकडच्या गटातल्या एका ठरलेल्या प्रतिस्पर्ध्याशी एक, उरला एक. पलीकडचे बाकी सहा या एका जागेसाठी रांगेत. म्हणजे सहा वर्षांतून एकदा गाठ, आणि आपल्या मैदानावर बारा वर्षांतून एकदा. टेक्सस ए अँड एम २०१२ला एसईसीत आली आणि २०२३पर्यंत जॉर्जियाचा संघ त्यांच्या गावी एकदाही गेला नाही. चार वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलांनी 'आपल्याच कॉन्फरन्सचा' संघ पाहिलाच नाही, तर कॉन्फरन्स कसली? नॉर्थ कॅरोलायना आणि वेक फॉरेस्ट यांनी तर कमाल केली. दोघे एकाच राज्यातले, एकाच एसीसीतले, पण गट वेगळे. गाठ पडेना, म्हणून २०१९ आणि २०२१ला ते 'कॉन्फरन्सबाहेरचा सामना' म्हणून खेळले. भाऊबंदांनी एकमेकांना पाहुणे म्हणून जेवायला बोलावण्यातला प्रकार.

मोडायला मुहूर्त लागत होता, तो मे २०२२मध्ये मिळाला. अंतिम लढतीतले दोन संघ कसे निवडायचे ते तुमचं तुम्ही ठरवा, असं एनसीएएने सांगून टाकलं. (त्याआधी २०१६ला बाराची अट सैल झाली होती, ती दहा संघांच्या बिग ट्वेल्व्हसाठी.) ज्या नियमासाठी गट पाडले तो गेला, मग गटही गेले : पॅक-१२ने २०२२लाच, एसीसीने २०२३ला, एसईसी आणि बिग टेनने २०२४ला.

फायदा दिसायला वेळ लागला नाही. ६ डिसेंबर २०२५ला इंडियाना आणि ओहायो स्टेट हे दोन अपराजित संघ बिग टेनच्या अंतिम लढतीत आले आणि इंडियानाने १३-१० बाजी मारली. जुन्या पद्धतीत दोघेही ईस्टमध्ये होते. ही लढत होऊच शकली नसती.

१०. गट नाहीत, मग कोण कोणाशी खेळणार हे कसं ठरतं?

काही लढती राखीव, बाकी आळीपाळीने. पद्धत प्रत्येकाची निराळी.

एसईसीने २०२६पासून नऊ सामने करायचं ठरवलं आहे : तीन प्रतिस्पर्धी कायमचे, सहा फिरते. सोळा संघांत स्वतःला सोडून पंधरा. त्यांतले तीन कायमचे गेले, उरले बारा. दरवर्षी सहा, म्हणजे दोन वर्षांत सगळ्यांशी एकदा, चार वर्षांत घरी आणि त्यांच्या दारी. प्रश्न ९मधला जॉर्जियाचा हिशोब शेजारी ठेवून पाहा.

बिग टेनने सगळ्यांना सारख्याच राखीव लढती द्यायचा हट्ट सोडला. एकूण बारा लढती राखल्या, त्या जिथे खरंच वैर आहे तिथे. आयोवाच्या वाट्याला तीन : मिनेसोटा, नेब्रास्का, विस्कॉन्सिन. ओहायो स्टेटला एकच, मिशिगन. पेन स्टेटला एकही नाही. मला हा सगळ्यात प्रामाणिक तोडगा वाटतो. ओढूनताणून वैर लावून देण्यापेक्षा नाही म्हणून सांगणं बरं.

११. एसीसीत सगळे नऊ-नऊ सामने का खेळू शकत नाहीत? कागदपेन्सिल घेऊन बसलो तरी जमेना.

जमणारच नाही, तुमची चूक नाही. फुटबॉल खेळणारे सतरा संघ. प्रत्येकी नऊ म्हणजे १५३. प्रत्येक सामना दोन संघांच्या खात्यात मांडला जातो, म्हणून ही बेरीज सम हवी. १५३ विषम आहे. किमान एका संघाला आठांवर थांबावं लागणारच. शाळेत शिकलेलं हस्तांदोलनाचं गणित ते हेच. विद्यार्थी विचारतात ना, याचा पुढे उपयोग काय? त्यांना एसीसीचं वेळापत्रक दाखवा.

१२. सोळा संघांचे चार-चारांचे छोटे गट का करत नाहीत? सुटसुटीत होईल.

करून झालं. याला इकडे पॉड म्हणतात. वेस्टर्न अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स १९९६ला सोळांवर गेली, हवाईपासून ओक्लाहोमातल्या टल्सापर्यंत. चार चौकड्या केल्या. पहिली चौकडी कायम पॅसिफिक गटात, चौथी कायम माउंटन गटात, आणि मधल्या दोन दर दोन वर्षांनी बाजू बदलणार. कागदावर देखणं होतं. प्रत्यक्षात जुने शेजारी तुटले, विमानाचा खर्च वाढला, आणि यंदा आपण कोणत्या बाजूला हे चाहत्यांना विचारून घ्यावं लागे. १९९८ला आठ जणांनी वेगळी चूल मांडायचं जाहीर केलं आणि १९९९पासून माउंटन वेस्ट कॉन्फरन्स सुरू झाली. तेव्हापासून पॉड हा शब्द बैठकीत निघतो आणि चहाबरोबर संपतो.

१३. गुण सारखे झाले तर? गट नसल्यावर तर आणखीच घोळ होत असेल.

होतो. पण गट असतानाही व्हायचा. २००८ला बिग ट्वेल्व्हच्या साउथ गटात टेक्ससने ओक्लाहोमाला हरवलं, ओक्लाहोमाने टेक्सस टेकला, टेक्सस टेकने टेक्ससला. तिघेही सारखे. शेवटी राष्ट्रीय क्रमवारी पाहून ओक्लाहोमाला पाठवलं. ४५-३५ असा सामना जिंकून टेक्सस घरी बसली. तिकडचे लोक अजून त्यावर तावातावाने बोलतात.

गट गेल्यावर गर्दी वाढली. २०२४ला बिग ट्वेल्व्हमध्ये अ‍ॅरिझोना स्टेट, आयोवा स्टेट, बीवाययू आणि कोलोरॅडो चौघे ७-२ (सात विजय, दोन पराभव). सगळ्यांनी एकमेकांशी सामने खेळलेलेच नसतात, म्हणून 'आपसात कोण जिंकलं' हा निकष लंगडा पडतो आणि सामाईक प्रतिस्पर्धी, मग प्रतिस्पर्ध्यांची ताकद, असं खाली खाली जावं लागतं.

सगळ्यात विचित्र निकाल २०२५चा एसीसीत. दुसऱ्या जागेसाठी पाच संघ ६-२वर. प्रतिस्पर्ध्यांच्या विजयाच्या टक्केवारीवरून जागा मिळाली ड्यूकला, जिचा पूर्ण हंगामाचा हिशोब होता ७-५. ड्यूकने अंतिम लढतीत व्हर्जिनियाला जादा वेळेत २७-२० हरवून अजिंक्यपद घेतलं. आणि राष्ट्रीय बाद फेरीच्या बारा संघांत ड्यूक नाही, पण अंतिम लढतीतही न पोचलेली मायामी आहे! कारण त्या बारांत वरच्या क्रमांकाचे पाच कॉन्फरन्स विजेते जातात, आणि क्रमवारीत ड्यूकच्या पुढे तुलेन आणि जेम्स मॅडिसन हे छोट्या कॉन्फरन्सचे विजेते होते.

१४. एखाद्या विद्यापीठाला कॉन्फरन्स सोडायची असेल तर? राजीनामा दिला की झालं?

दोन कुलपं असतात. एक, सोडण्याचं शुल्क. टेक्सस आणि ओक्लाहोमा यांना बिग ट्वेल्व्ह एक वर्ष आधी सोडायची होती, तर दोघांनी मिळून दहा कोटी डॉलर मोजायचं ठरलं. दुसरं कुलूप जास्त पक्कं : सभासद आपल्या घरच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क ठरावीक वर्षांसाठी कॉन्फरन्सच्या नावे करून देतो. तुम्ही गेलात तरी हक्क मागेच राहतात. मग ज्याच्या सामन्यांचे हक्क दुसऱ्याकडे, त्याला नवीन घरात कोण घेणार?

फ्लॉरिडा स्टेट आणि क्लेमसन यांनी हे कुलूप कोर्टात नेलं. मार्च २०२५मध्ये एसीसीशी तडजोड झाली. प्रेक्षकसंख्येनुसार पैसे वाटण्याची पद्धत आली, आणि सोडण्याचं शुल्क उतरत जाऊन २०३०-३१मध्ये साडेसात कोटी डॉलरवर येईल असं ठरलं. माझ्या मते पुढची मोठी हालचाल त्याच सुमाराला होईल. बिग टेनचा टीव्ही करारही तेव्हाच संपतोय.

१५. पॅक-१२चं काय झालं? दोनच संघांची कॉन्फरन्स असू शकते?

दोन वर्षं होती. ३० जून २०२२ला यूएससी आणि यूसीएलएने जाण्याचं जाहीर केलं. उरलेल्यांना मनासारखा टीव्ही करार मिळेना. ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात पाच जण गेले : ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे, अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि यूटा बिग ट्वेल्व्हकडे. कोलोरॅडो त्याआधी आठवडाभर. स्टॅनफर्ड आणि कॅल सप्टेंबरात एसीसीकडे, तेही पैशांचा कमी वाटा मान्य करून. राहिले ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

एफबीएसच्या कॉन्फरन्सला किमान आठ संघ लागतात. कमी पडले तर दोन वर्षांची सवलत मिळते. त्या मुदतीत दोघांनी बॉयझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, यूटा स्टेट आणि टेक्सस स्टेट जमवले. बरोबर आठ. फुटबॉल न खेळणारी गन्झागा बास्केटबॉलसाठी. नवी मांडणी १ जुलै २०२६पासून. ज्या माउंटन वेस्टची जन्मकथा प्रश्न १२मध्ये आहे, तिच्यातलेच पाच जण यात आहेत. पेरलं ते उगवलं.

१६. प्रवासाचं कोणी बोलत नाही. मुलांनी अभ्यास करायचा कधी?

लॉस एंजेलिस ते न्यू जर्सी हवाई अंतर चार हजार किलोमीटरच्या घरात. श्रीनगर ते कन्याकुमारी तीन हजारांच्या आत बसतं. वर घड्याळात तीन तासांचा फरक.

फुटबॉलवाल्यांची काळजी करू नका. वर्षाला चार-पाच परगावचे सामने, विमान खास त्यांचं. झळ बसते ती व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, पोहणाऱ्या मुलींना. गेल्या वर्षी आमच्या विमानात एका कॉलेजची अख्खी टीम होती. शेजारच्या सीटवरच्या मुलीने लॅपटॉपवर सेंद्रिय रसायनशास्त्राचा पेपर उघडला, दोन रेणू काढले आणि झोपली. उतरताना घाईघाईने तिसरा काढत होती. फुटबॉलचे पैसे, बाकीच्यांचा प्रवास. फुटबॉल वेगळा काढून बाकीचे खेळ जवळच्या कॉन्फरन्समध्ये ठेवा, ही सूचना वर्षानुवर्षं होते. मला ती पटते. पण टीव्हीवाल्यांना बास्केटबॉलही हवा असतो.

१७. नोटर डेम कोणत्या कॉन्फरन्सची? दरवेळी वेगळं ऐकतो.

दोन्ही ऐकलेलं खरं. फुटबॉलमध्ये कुणाचीच नाही, स्वतंत्र. वर्षाला सरासरी पाच सामने एसीसीच्या संघांशी. बास्केटबॉल आणि बाकी बहुतेक खेळ एसीसीत. पुरुषांचा आइस हॉकी संघ २०१७पासून बिग टेनमध्ये, कारण एसीसीत हॉकी नाही. तिचे टीव्हीचे पैसे आणि देशभरचा चाहतावर्ग स्वतःचा आहे, म्हणून हे लाड चालतात. दुसऱ्या कुणी हे मागून पाहावं.

याहून मजेशीर जॉन्स हॉपकिन्स. सगळे खेळ डिव्हिजन थ्रीमध्ये, फक्त लॅक्रॉस डिव्हिजन वनमध्ये, आणि तोही बिग टेनकडून.

१८. न वाढणारी कॉन्फरन्स उरली आहे का एखादी?

आयव्ही लीग. आठ विद्यापीठं, प्रत्येक संघ उरलेल्या सातही जणांशी दरवर्षी खेळतो, गट नाहीत, अंतिम लढत नाही. गुण सारखे झाले तर अजिंक्यपद सरळ वाटून घेतात. त्यांना पैशांची ददात नाही, हे खरंच. तरी राष्ट्रीय बाद फेरीपासून दूर राहण्याचा जुना हट्ट त्यांनीही सोडला आणि २०२५पासून ते एफसीएसच्या बाद फेरीत उतरले.

आणि गट अजून टिकवून ठेवलेत ते सन बेल्टने. चौदा संघ, ईस्ट आणि वेस्ट. त्यांचा नकाशा आटोपशीर आहे, म्हणून तिथे ते शोभतात.

१९. आर्मी आणि नेव्ही (लष्कर आणि नौदलाच्या अकादमींचे संघ) दोघेही अमेरिकन कॉन्फरन्समध्ये आहेत. मग त्यांचा आपसातला सामना गुणतक्त्यात का दिसत नाही?

कारण तो धरतच नाहीत. नेव्ही आधीपासून होती, आर्मी २०२४ला फुटबॉलपुरती आली. पण त्यांचा सामना डिसेंबरात, कॉन्फरन्सच्या अंतिम लढती उरकल्यावरच्या शनिवारी असतो आणि तो दिवस त्यांना कुणासाठी सोडायचा नाही. मग तो सामना कॉन्फरन्सबाहेरचा म्हणून नोंदवायचा असं ठरलं. २०२४ला आर्मीने अंतिम लढतीत तुलेनला ३५-१४ हरवून कॉन्फरन्सचं अजिंक्यपद मिळवलं. आठवड्याने नेव्हीने त्यांना ३१-१३ धुतलं. अजिंक्यपद आर्मीकडेच राहिलं.